पहिला बँजो घेताना: ओपन-बॅक की रेझोनेटर, आणि पैसे नेमके कुठे घालायचे

आधी एक खुलासा. बुलबुलतरंगालाही आपण बँजोच म्हणतो, पण इथे विषय आहे तो डफासारख्या गोल अंगाचा, लांब नेकचा (म्हणजे दांडीचा), पाच तारांचा बँजो. त्याची पाचवी तार आखूड असते. तिची खुंटी पाचव्या फ्रेटजवळ (फ्रेट म्हणजे नेकवरची आडवी पट्टी), नेकच्या कडेलाच बसवलेली असते. सतार ऐकणाऱ्यांनी चिकारी, म्हणजे मधेमधे छेडायची सा ची तार आठवावी, काम साधारण तेच. नेहमीच्या जी ट्यूनिंगमध्ये जी हा सा धरला, तर चौथ्या तारेपासून पहिलीपर्यंत मंद्र पंचम, सा, ग, प असे सूर येतात आणि पाचव्या तारेवर वरचा सा.

स्वस्तातला बँजो घ्यायला मी कुणालाही बिनधास्त सांगतो, आणि त्याला कारण आहे. गिटारचं अंग चिकटवून केलेलं असतं. बँजो मात्र नट-बोल्टवर उभा असतो. हेड (वर ताणलेला पडदा), ब्रिज (त्यावर उभी, तारा पेलणारी घोडी), टेलपीस (तारांची टोकं अडकवायची पट्टी), खुंट्या सगळं सुटं होतं आणि घरच्या टेबलावर बदलता येतं. पुढे बदलणं परवडत नाही अशा गोष्टी दोनच: नेक आणि रिम, म्हणजे अंगाचं गोल कडं. दुकानात पैसे मोजायचे ते या दोन गोष्टींचे.

सारख्याच किमतीत समोर सहसा दोन वाद्यं येतात. एक ओपन-बॅक: लाकडी रिम, मागची बाजू उघडी, दिसायला साधा. दुसरा रेझोनेटरवाला: मागे लाकडाची चकचकीत परात, भरपूर क्रोम आणि बऱ्याचदा ओतीव ॲल्युमिनियमची रिम. नवखा माणूस दुसऱ्याकडे ओढला जातो. मीही गेलो होतो. रेझोनेटर आवाज पुढे फेकतो, त्यामुळे दुकानात तो जास्त दमदार वाटतो, हे खरंच आहे. पण त्याच पैशांत परात, ती धरणारं धातूचं फ्लँज आणि चकाकीही बसवायची म्हटल्यावर काटछाट कुठेतरी होणारच, आणि ती बहुधा नेक, खुंट्या आणि रिममध्ये होते. ॲल्युमिनियमचा आवाज मोठा आणि चमकदार असतो, पण एकसुरी खणखणतो. तासभर सराव केल्यावर तो कानाला टोचू लागतो.

वजनाचाही विचार करा. जड टोन रिंगचा (रिमवर, हेडखाली बसणाऱ्या धातूच्या कड्याचा) पूर्ण रेझोनेटर बँजो पाच किलोच्या आसपास जातो. हलका ओपन-बॅक निम्म्यावर येतो. मांडीवर धरून शिकताना हा फरक रोज जाणवतो.

शैलीवरही निवड ठरते. अमेरिकन बँजोवादक अर्ल स्क्रग्ज डिसेंबर 1945 मध्ये बिल मन्रो यांच्या ब्लूग्रास बँडमध्ये आले आणि तीन बोटांची वेगवान शैली सगळीकडे पोहोचली. अंगठ्याला प्लॅस्टिकची आणि दोन बोटांना धातूची नखी लावून वाजवायची ती हीच. तिला रेझोनेटरची धार शोभते. क्लॉहॅमर या दुसऱ्या शैलीत नखाने तार खालच्या दिशेने मारायची आणि अंगठ्याने पाचवी तार छेडायची. तिथे ओपन-बॅकचा मऊ, लवकर विरणारा आवाज गोड लागतो. तरी कुठल्याही बँजोवर दोन्ही शैली शिकता येतात. अजून काहीच ठरलं नसेल, तर माझं मत सरळ लाकडी रिमच्या ओपन-बॅककडे आहे. ब्रॅकेट, म्हणजे हेड ताणून धरणारे कडेचे हुक, मोजत बसू नका. डीअरिंग कंपनीच्या गुडटाइम बँजोला 16 च ब्रॅकेट आहेत आणि रिम तीन थरांच्या मेपलची. तोच बँजो रेझोनेटर लावून गुडटाइम टू या नावाने मिळतो.

घेण्याआधी नेक तपासाच. एक तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. मधे, सातव्या फ्रेटजवळ कागदाएवढी फट दिसली तर उत्तम. जास्त बाक असेल तर ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या सळईने, काढता येतो. नेकला पीळ पडला असेल तर तो निघत नाही, असं वाद्य तिथेच ठेवून या. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून बघा. कुठे खरखर आहे ते लगेच कळतं.

घरी आणल्यावर पहिलं काम फुकटचं आहे. ब्रिज चिकटवलेला नसतो, तो तारांच्या दाबावरच उभा असतो, त्यामुळे प्रवासात हमखास सरकतो. बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून मिळणारा सूर आणि तिथेच तार दाबून मिळणारा सूर एक येईपर्यंत ब्रिज हलवा. दाबलेला सूर चढा लागला तर ब्रिज नेकपासून थोडा लांब सरकवा, उतरला तर जवळ आणा. ‘माझा बँजो बेसूर आहे’ अशी तक्रार अनेकदा एवढ्यानेच मिटते.

दुसरं काम हेडचा ताण. स्वस्त बँजोचं हेड बहुतेक वेळा सैल येतं, म्हणून आवाज पिचलेला, गोणपाटावर मारल्यासारखा येतो. पान्याने एकेक नट अगदी थोडा, समान फिरवत गोल फिरून या. मग पुन्हा एक फेरी. घाई केली तर हेड फाटतं. रेझोनेटरवाले बरेच जण हेडवर टिचकी मारल्यावर जी ते जी शार्पच्या आसपास सूर येईल इतकं ताणतात. ओपन-बॅकवाले थोडं सैल ठेवतात.

खर्च करायचाच तर आधी ब्रिजवर करा. मेपलचा, वर एबनीची पट्टी असलेला चांगला ब्रिज आवाजात जेवढा फरक पाडतो, तेवढा त्या पैशात दुसरं काहीही पाडत नाही. 5/8 इंच ही नेहमीची उंची, पण आधीचा मोजून मगच घ्या. त्यानंतर पाचव्या तारेची खुंटी. स्वस्त वाद्यात ती नुसत्या घर्षणावर टिकते आणि सुरातून घसरत राहते. गिअरवाली बसवली की सराव सुखाचा होतो. फक्त नेकमधल्या भोकाचा व्यास जुळतो का ते बघा. नवं हेड घेतानाही व्यास आणि कडेची उंची मोजा, सगळी ‘11 इंची’ हेडं नेमकी 11 इंचांची नसतात.

टोन रिंगच्या मागे लागू नका. ती बसवायला रिम लेथवर उतरवावी लागते, आणि तो खर्च स्वस्त वाद्याच्या किमतीवर जातो. त्यापेक्षा जुना रुमाल घडी करून रिमच्या आतून आडव्या जाणाऱ्या रॉड आणि हेडच्या मधे खोचा. खणखण कमी होते आणि शेजारीही सुखी राहतात. ओपन-बॅकमध्ये हे दहा सेकंदांचं काम आहे. रेझोनेटर असेल तर आधी तो स्क्रू सोडून काढावा लागतो.

एक बदल मला फार आवडतो. कॅपो, म्हणजे सूर चढवायला नेकवर लावायचा चिमटा, लावला की आखूड पाचवी तारही चढवावी लागते, आणि नुसती ताणली तर ती तुटू शकते. म्हणून वादक खेळण्यातल्या रेल्वेरुळांचे बारीक खिळे सातव्या आणि नवव्या फ्रेटमागे ठोकतात आणि तार त्याखाली अडकवतात. नेकला भोक पाडायचं काम आहे, तेव्हा ते जाणकाराकडूनच करून घ्या, तेही तुम्ही कॅपो वापरू लागल्यावर.