ऑक्सिमॅप टी-१: मधुमेहींच्या डोळ्यातला ऑक्सिजन मोजून काय कळतं?

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडनंतर घरोघरी आहे. ऑक्सिमॅप टी-१ हे त्याच तत्त्वावरचं, पण डोळ्याच्या पडद्यासाठीचं आइसलँडचं उपकरण. ते टॉपकॉन कंपनीच्या फंडस कॅमेऱ्यावर (डोळ्याच्या पडद्याचा फोटो घेणारा कॅमेरा) बसतं आणि एकाच फ्लॅशमध्ये दोन फोटो घेतं, एक ५७० नॅनोमीटरला आणि दुसरा ६०० ला. ५७० ला रक्तात ऑक्सिजन असो-नसो, प्रकाश सारखाच शोषला जातो. ६०० ला ऑक्सिजन कमी असलेलं रक्त जास्त गडद दिसतं. या दोहोंच्या गुणोत्तरावरून सॉफ्टवेअर रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी काढतं.

निरोगी डोळ्यात धमन्यांचा आकडा साधारण ९२ टक्के आणि शिरांचा ५५ टक्क्यांच्या आसपास येतो. रंगीत नकाशात धमन्या नारिंगी-लाल, शिरा हिरव्या. रेटिनोपथी (मधुमेहाने पडद्याला होणारी इजा) वाढली की याच शिरा पिवळ्याकडे झुकतात, म्हणजे परतीच्या रक्तात ऑक्सिजन जास्त. पेशंटला हे ऐकून बरं वाटतं, म्हणून नीट समजावून सांगायलाच हवं. बारीक केशवाहिन्या बंद पडल्या की रक्त आडवाटेने थेट शिरेत जातं आणि पडद्याला ऑक्सिजन न देताच परत फिरतं. ग्लायकेटेड, म्हणजे साखर चिकटलेलं, हिमोग्लोबिनही ऑक्सिजन सहजी सोडत नाही. वाढलेला आकडा म्हणजे उपाशी पडदा.

फोटो मात्र चोख लागतो. मधुमेहात बाहुली सहसा पुरेशी मोठी होत नाही, तेव्हा ट्रोपिकामाइड (बाहुली मोठी करणारे थेंब) घालून २०-३० मिनिटं थांबाच. घाई केली की फोटोच्या कडा काळवंडतात, आकडे बिघडतात. मोतीबिंदू किंवा जरासा हललेला फोकस असला तरी तेच. शिरांचे फाटे आणि एकमेकींवरून जाणाऱ्या जागा मोजणीतून वगळा. वरच्या आणि खालच्या शिरांचे आकडे मुळातच वेगळे असतात. पुढच्या खेपेला तीच शीर, तोच तुकडा घ्या.

आमचं मत: संशोधनाला आणि एकाच डोळ्याच्या लेसर उपचाराआधी-उपचारानंतरच्या तुलनेला उत्तम. पण निरोगी आणि आजारी डोळ्यांचे आकडे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे एका रीडिंगवर निदान करू नका. परळ-दादरच्या गर्दीच्या ओपीडीत फंडस तपासणी आणि ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) आधी; हे त्यानंतर, खर्च परवडला तर.

थेंबांनंतर काही तास जवळचं धूसर दिसतं. गॉगल न्या, सोबत कुणीतरी असू द्या. लोकलची पायरी आणि फलाट यांतलं अंतर तेव्हा नीट उमगत नाही.