न चमकणारी प्लेट: पी-ग्लो किटबद्दल

फोंड्याजवळच्या एका हायर सेकंडरीत मी बारावीला बायोलॉजी शिकवते. जीन रेग्युलेशनचा, म्हणजे जीन कधी चालू आणि कधी बंद राहतो याचा, धडा आला की फळ्यावर लॅक ऑपेरॉन (जिवाणूतले साखर पचवणारे जीन चालू-बंद करणारी यंत्रणा) काढायचा, १९६१ साली जेकब आणि मोनो यांनी तो मांडला हे सांगायचं, आणि मुलांनी आकृती पेपरात जशीच्या तशी उतरवायची, असं वर्षानुवर्षं चाललं. यंदा लॅबच्या पैशांतून बायो-रॅड कंपनीचं पी-ग्लो किट मागवलं, जिवाणूंत नवा जीन घालून त्यांना चमकवायचं. स्वस्त नाही. पण एका किटमध्ये आठ गटांचं सामान असतं, चार-चारचा गट केला की बत्तीस मुलं होतात. माझी अठ्ठावीस होती.

कुरियरने मात्र छळलं. खोका वाटेत कुठल्याशा गोदामात शनिवार-रविवार पडून राहिला, आत थंड ठेवायच्या वस्तू असूनही. जिवाणू आणि प्लास्मिड (त्यांच्यात घालायचं डीएनएचं छोटं कडं) दोन्ही कोरड्या पावडरीच्या रूपात असतात, म्हणून निभावलं. तुम्ही मागवणार असाल तर आठवड्याच्या सुरुवातीला पोचेल असं बघा.

प्रयोग असा. निरुपद्रवी ई. कोलाय जिवाणूंमध्ये तो गोलाकार डीएनए, म्हणजे प्लास्मिड, घालायचा. त्यावर जेलीफिशपासून घेतलेला जीएफपीचा, म्हणजे हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा, जीन असतो, ॲम्पिसिलिन हे जिवाणू मारणारं औषध पचवणारा एक जीन असतो, आणि जीएफपीचा जीन चालू-बंद करणाऱ्या ॲराक नावाच्या प्रथिनाचा जीन असतो. नळ्या दहा मिनिटं बर्फात, मग ४२ अंशांच्या पाण्यात बरोबर ५० सेकंद, की परत बर्फात. आमचा बर्फ मासळी बाजारातून आला, थर्मोकोलच्या पेटीतून. एका गटाने नळ्या स्टँडमध्ये नीट खाली ढकलल्याच नव्हत्या, त्यांची टोकं पाण्याला टेकलीच नाहीत. त्यांच्या प्लेटवर जेमतेम तीन ठिपके, म्हणजे जिवाणूंच्या तीन वसाहती, उगवल्या. हा टप्पा घाईने उरकू नका.

त्या रात्री वीज गेली आणि प्लेटा उबदार ठेवणारा इनक्युबेटर बंद पडला. मी सकाळी धसकूनच गेले. पण आपल्याकडच्या हवेत जिवाणूंना काय कमी? चोवीस तासांऐवजी दोन दिवस लागले, इतकंच. पुढे आणखी वाट पाहू नका. एका गटाच्या प्लेटा चवथीच्या सुट्टीत तशाच राहिल्या, तर मोठ्या वसाहतींभोवती बारीक बारीक पिल्लं उगवली. मोठ्या वसाहतीतल्या एन्झाइमने आसपासचं ॲम्पिसिलिन संपवलेलं असतं, त्या आडोशाला प्लास्मिड नसलेले जिवाणूही जगतात. मुलांना ते सांगताना छान वाटलं, पण निकालाचा गोंधळ होतो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. ॲराबिनोज साखर घातलेल्या प्लेटवर यूव्ही दिवा धरला की वसाहती हिरव्यागार पेटतात. पडदे ओढले होते, वर्ग ओरडला, मीही ओरडले. पण मला त्याहून मोलाची वाटते ती शेजारची प्लेट. तिच्यात ॲम्पिसिलिन आहे, साखर नाही. वसाहती भरघोस, पण पांढऱ्याफट्ट. एका मुलीने विचारलं, "टीचर, ह्यांच्यात जीन गेलाच नाही का?" गेलाय, नाहीतर ॲम्पिसिलिनमध्ये जगल्या कशा? मग ती बराच वेळ त्या प्लेटकडे बघत राहिली.

किटबरोबरच्या पुस्तिकेत पुढचं लिहिलं असो-नसो, आम्ही ते केलं. एक ॲराबिनोजची प्लेट उरली होती. त्या मुलीनेच पांढऱ्या वसाहतीला लूप (जिवाणू उचलायची बारीक कडी) टेकवून त्या उरलेल्या प्लेटवर रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच रेघ हिरवी! फळ्यावर मी वीस वेळा सांगितलं असेल: ॲराकचं प्रथिन साखर नसताना डीएनएला वळसा पाडून बसतं आणि जीएफपीच्या जीनचं वाचन रोखतं, साखर चिकटली की त्याचा आकार बदलतो आणि तेच प्रथिन आरएनए पॉलिमरेजला, म्हणजे जीन वाचणाऱ्या एन्झाइमला, जागेवर आणून बसवतं. एकच प्रथिन, दोन कामं. ते त्या रेघेने एका दिवसात पटवलं. ती म्हणाली, "म्हणजे गप्प होता, मेला नव्हता." माझ्या वहीत मी ते वाक्य तसंच लिहून ठेवलंय.

चमकणाऱ्या प्रथिनाचीही गोष्ट सांगा मुलांना. शिमोमुरा या शास्त्रज्ञांनी १९६२ साली ते जेलीफिशमधून वेगळं केलं, आणि २००८ साली त्यांना, चाल्फी आणि त्सिएन या शास्त्रज्ञांसह, रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. २३८ अमिनो आम्लांची साखळी पिंपासारखी दुमडते आणि पोटातली तीन अमिनो आम्लं आपसांत जुळून रंगद्रव्य बनतात, ऑक्सिजन मिळाला की. बाहेरून काही रंग घालावा लागत नाही. आज जिवंत पेशीत एखादं प्रथिन कुठे जातं, कधी बनतं, हे बघायला त्याला हाच दिवा जोडतात.

इनक्युबेटर आणि गरम पाण्याची सोय आपली आपल्याला करावी लागते, आणि प्लेटा ओतायला आदल्या दिवशीची संध्याकाळ जाते. एक तरी ॲराबिनोजची प्लेट मुद्दाम जास्त ओता. संपल्यावर सगळ्या प्लेटा ब्लीचमध्ये बुडवायच्या असतात. ती रेघेची प्लेट मी शेवटी टाकली.