धरमपेठेतला अॅक्टिंग-व्हॉइसचा वीकेंड क्लास: आवाजाचे पैसे वसूल, कॅमेऱ्याचे नाही

पाचपैकी साडेतीन. आवाजाच्या भागाला साडेचार, कॅमेऱ्याच्या भागाला दोन, सरासरी सव्वातीन येते पण आवाज शिकवणाऱ्या सरांसाठी पाव वाढवून दिला. क्लासचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत अन् नागपूर असं केवढंसं, उद्या देशपांडे हॉलमध्ये तेच लोक बाजूच्या खुर्चीत येऊन बसायचे.

कोणासाठी लिहून राहिले ते आधी सांगते. नोकरी आहे, वय तिशीच्या पुढं गेलं, शाळेच्या गॅदरिंगनंतर स्टेज पाहिलं नाही, पण ऑडिओबुक ऐकता ऐकता वाटते की हे आपल्याला पण जमलं असतं, अशा लोकांसाठी. ज्यांना हिरो-हिरोईन व्हायला मुंबईला जायचं आहे त्यांचं गणित वेगळं, त्यांनी खालचा कॅमेऱ्याचा भाग नीट वाचावा.

फी पंधरा हजार, तीन महिने, शनिवार-रविवार दुपारी. दोन हप्त्यात घेतात. बॅचमध्ये कॉलेजची पोट्टी जास्त, दोन-तीन नोकरीवाले, एक रिटायर्ड काका (सगळ्यात चांगला आवाज त्यांचाच), अन् एक मुलगी दर आठवड्याला भंडाऱ्याहून यायची.

आता आवाजाचं. सुरुवातीला माइक दाखवतच नाहीत. पोट्ट्यांची तोंडं पडली होती, त्यांना वाटलं पहिल्याच दिवशी हेडफोन लावून फोटो काढायला भेटेल. त्याऐवजी चटईवर आडवं पाडून पोटावर जाड पुस्तक ठेवायचं अन् श्वास घेतला की पुस्तक वर गेलं पाहिजे, छाती नाही. मग श्वास सोडता सोडता 'स' लांबवायचा, मग आकडे मोजायचे, मग एका श्वासात परिच्छेद. कंटाळवाणं आहे खरं, पण कारण सरांनी नीट सांगितलं: वाक्याच्या शेवटी श्वास संपला की क्रियापद गिळल्या जाते, अन् मराठीत तर अख्ख्या वाक्याचा अर्थ त्या क्रियापदावर अडकलेला असते. ऐकणाऱ्याला 'गेला' ऐकू आलं नाही तर तो गेला का राहिला हे कसं कळणार.

त्यानंतर तोंडासमोर कागदाचा कपटा धरून प, फ, ब, भ. कपटा उडाला की माइकमध्ये फट्ट करून हवा आदळणार, त्याच्यासाठी पॉप फिल्टर लावतातच, पण सर म्हणाले की आधी तोंडाला शिकवा, फिल्टर नंतर. माइकच्या अगदी समोर तोंड न आणता थोडं तिरपं बोललं तरी अर्धा त्रास जाते, ही एक गोष्ट मला लई कामी आली.

उच्चाराचा भाग आपल्याकडच्या लोकांसाठी सोन्यासारखा आहे. 'चार' मधला च अन् 'चारा' मधला च वेगळा, हे आपण बोलताना बरोबर करतो पण कागद समोर आला की गडबड होते. ण-न चा तर विषयच नको, आपलं 'पानी' काही सुटत नाही. मला भीती होती की पुणेरी मराठी घोटवून घेतील अन् वऱ्हाडी बोललं की नाक मुरडतील. तसं काही झालं नाही. भंडाऱ्याच्या मुलीला सर म्हणाले, "तुझी बोली खिशात ठेव बेटा, फेकू नको. निवेदनाला प्रमाण बोल, रोल आला की खिशातून काढ." अन् एका सीनमध्ये तिला तिच्याच बोलीत बोलायला लावलं तर अख्खी बॅच गप्प झाली, तिच्यासारखं कोणालाच जमलं नसतं. सिरियलमधले लोक 'काहून बे' म्हणतात ते ऐकून आपल्याला हसू येते नं, त्याचं कारण हेच, ते वरून लावलेलं असते.

स्क्रिप्टवर खुणा कशा करायच्या हेही शिकवलं. छोट्या थांब्याला एक तिरपी रेघ, मोठ्याला दोन, जोर द्यायचा शब्द अधोरेखित, अन् पूर्ण वाक्यात जोराचा शब्द शक्यतो एकच. आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी सगळेच शब्द अधोरेखित केले होते. वाचायच्या आधी प्रश्न विचारायचे: मी कोण, कुठं आहे, कोणाशी बोलून राहिलो, ह्याच्या आधी काय झालं, मला समोरच्याकडून काय पाहिजे. सर म्हणाले हे स्तानिस्लाव्हस्की नावाच्या रशियन नाट्यदिग्दर्शकाचं आहे, मॉस्कोमध्ये शंभराहून जास्त वर्षांपूर्वी सुरू झालेलं, अन् जाहिरातीच्या चार ओळी वाचतानाही तेच लागते. खरंच लागते. नुसतं 'गोड आवाजात बोला' म्हटलं की सगळे एअरपोर्टच्या अनाउन्समेंटसारखे बोलतात, पण 'बहिणीला फोनवर सांगून राहिली असं समज' म्हटलं की आवाज आपोआप बदलते. नवरसांवर एक रविवार गेला, त्यात काकांनी मुद्दा काढला की भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठच रस आहेत, शांत रस मागाहून आला, अन् त्याच्यावर अर्धा तास वाद. बरोबर काकाच होते, पण तेवढ्या वेळात आमचा बीभत्स राहून गेला.

डबिंगचं सेशन मात्र जोरदार. लोकांना वाटते चांगला आवाज असला की डबिंग येते. तसं नाही बाप्पा. कानात मूळ भाषेचा ट्रॅक, डोळ्यासमोर ओठ, हातात मराठी ओळ, अन् तिन्ही एकदम सांभाळायचे. पडद्यावर ओठ मिटले तिथं आपल्याकडून प, ब, म यायला पाहिजे, नाहीतर सिंक गेलं. पात्र जिथं श्वास घेते तिथंच आपण घ्यायचा. मराठी ओळ लांब पडली तर जागेवरच शब्द कापायचा किंवा फिरवायचा, पण अर्थ सांडू द्यायचा नाही. अन् संवाद नसलेलं काम वेगळंच, धावताना धापा, मार खाताना 'हं', जिना चढताना दम, हे सगळं उभं राहून हात-पाय हलवत करावं लागते, खुर्चीत बसून केलं की लगेच खोटं कळते. आजकाल एकेक जण वेगवेगळा रेकॉर्ड होते, समोरचं पात्र आपल्याला ऐकू पण येईल का नाही सांगता येत नाही, म्हणून भांडणाचा सीन पण एकट्यानंच भांडायचा. माझ्या आधी एक पोट्टा होता तो एकाच ओळीवर इतका अडकला की शेवटी त्यानं ओळ सोडून स्वतःलाच शिव्या दिल्या, अन् गंमत म्हणजे त्या शिव्या ओठांवर एकदम फिट्ट बसल्या.

घरी रेकॉर्ड करण्याबद्दल सरांनी सांगितलेलं नागपूरच्या माणसानं लिहूनच ठेवावं. महागडा कंडेन्सर माइक आधी घेऊ नका. कंडेन्सर सगळं ऐकते, तुमचा आवाजही, वरचा पंखाही अन् बाजूच्या घरातली कुकरची शिट्टीही. ज्याची खोली शांत नाही त्यानं कार्डिऑइड डायनॅमिक, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज घेणारा माइक घ्यावा अन् वीतभर अंतरावरून बोलावं. बोलत नसताना जो आवाज येत राहते तो उणे साठ डेसिबलच्या खाली पाहिजे, अन् आवाजाची टोकं उणे तीनच्या वर जायला नको, ऑडिओबुकवाले साधारण हेच मागतात. आता मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत कूलर बंद करून हे उणे साठ कसं आणायचं ते तुम्हीच सांगा. उपाय म्हणजे पहाटे, भांडेवाली यायच्या आधी, कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यात तोंड घालून, मागं गोदडी टांगून. माझ्याकडं तसंच चालू आहे. आई म्हणते पोरीला काहीतरी झालं. सॉफ्टवेअरला ऑडॅसिटी फुकट आहे अन् सुरुवातीला बस्स आहे. फाइल वेव्हमध्येच ठेवायची, अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झ चोवीस बिट, एमपीथ्री फक्त पाठवायला.

घशाबद्दल एकच सांगते, कारण ह्याच्यावर लोक भलतंच सांगत असतात. घसा बसला की कुजबुजत बोलायचं नाही, कुजबुजण्यानं ताण वाढूही शकते, सरळ गप्प बसायचं. पाणी दिवसभर प्यायचं, रेकॉर्डिंगच्या पाच मिनिटं आधी तांब्याभर ढोसून काही होत नाही. अन् सेशनच्या आधी सावजी नको. तर्री पोहे मी बंद केले नाही, तेवढं काही माझ्यानं होणार नाही.

आता कॅमेऱ्याचा भाग. हे शिकवायला वेगळे गृहस्थ येतात. ट्रायपॉडवर मोबाइल, एवढ्या लोकांना एकेक करून उभं करायचं, "रडून दाखव", "आता चिडून दाखव", दोन मिनिटं, पुढचा या. शूट केलेलं परत लावून दाखवलं एखाद्याच वेळेला, तेही घाईत. क्लोजअपमध्ये चेहरा किती कमी हलवायचा, नजर लेन्सच्या किती जवळ ठेवायची, उजेड कुठून घ्यायचा, ज्याच्यासाठी लोक पैसे भरतात ते काहीच नाही. आजकाल पहिली ऑडिशन बहुतेक घरूनच पाठवायची असते, तर सेल्फ टेप कशी करायची हे तरी शिकवावं की नाही? मोबाइल आडवा, मागं साधी भिंत, छातीपासून वर फ्रेम, समोरची ओळ वाचणारा माणूस लेन्सच्या अगदी बाजूला, अन् आधी स्लेट म्हणजे नाव, वय, उंची, गाव, दोन्ही बाजूंचा चेहरा. हे मला बॅचमधल्या एका मुलीनं चहाच्या टपरीवर सांगितलं, क्लासमध्ये नाही.

अन् खरी चीड आली ती शेवटी. "पोर्टफोलिओ करून घ्या, आपला मुंबईत कॉन्टॅक्ट आहे", म्हणजे फोटोंचा संच, त्याचे वेगळे पंचवीस हजार. मी नाही म्हटलं, दोन-तीन पोट्ट्यांनी घरून मागून भरले. नवीन माणसाला सुरुवातीला खिडकीच्या उजेडातले दोन साधे फोटो पुरतात, एक चेहऱ्याचा एक पूर्ण, मेकअपची थापाथापी नको. अन् ऑडिशन द्यायला पैसे मागणारा माणूस कास्टिंगवाला नसते, कास्टिंगवाल्याला पैसे निर्माता देते. ही गोष्ट क्लासच्या भिंतीवर लावायला पाहिजे होती, ते लोक उलटंच करून राहिले.

अभिनयच शिकायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे, नागपुरात ह्याच्यासाठी फी भरायची गरज नाही. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी इथं होते, त्याच्या आधी दोन-तीन महिने शहरात जागोजागी तालमी चालू असतात, ग्रुपला माणसं कमीच पडतात. जाऊन सरळ म्हणायचं की मला काहीही काम द्या. पहिल्या वर्षी प्रॉपर्टी म्हणजे नाटकातलं सामान सांभाळाल, दुसऱ्या वर्षी दोन ओळींचा शिपाई व्हाल, पण शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवणं म्हणजे काय ते शिपायालाही शिकावंच लागते. बॅचमधला एक जण क्लास अर्धा सोडून तिकडं गेला, मागच्या महिन्यात भेटला तर त्याच्या उभं राहण्यातच फरक पडला होता. अन् वेळ असेल तर दिवाळीनंतर गडचिरोली जिल्ह्यात वडसा-देसाईगंजच्या बाजूला एक रात्र काढा. झाडीपट्टीचं, म्हणजे तिकडच्या पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याचं नाटक रात्रभर चालते, लोक गोधड्या घेऊन बसतात, अन् कलाकार पहाटेपर्यंत त्याच ताकदीनं बोलतात. तिथले कलाकार परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या शहरातल्या कित्येकांना पहिल्यांदा कळलं की झाडीपट्टी म्हणून काही आहे, आपल्यापासून काही तासांवर.

आवाजाच्या लोकांसाठी गावातच दरवाजा आहे, आकाशवाणी. नागपूर केंद्र १९४८ पासून चालू आहे. नाटकाच्या आवाजाची वेगळी ऑडिशन असते, पास झालं की बी, बी-हाय, ए अन् टॉप अशी ग्रेड. सरांनी फॉर्म कसा भरायचा ते सांगितलं, स्वतःच्या ऑडिशनचे किस्सेही. पैसा तिथं फार नाही, पण लाल दिवा लागल्यावर एका टेकमध्ये वाचायची शिस्त तिथं लागते असं ते म्हणतात, अन् त्यांचं वाचन ऐकलं की पटते. मराठी ऑडिओबुकला स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अॅप २०१७ मध्ये भारतात आल्यापासून बरं काम सुरू झालं आहे, पण तिथं पण दहा पानं एकाच आवाजात, एकाच वेगात वाचता यायला पाहिजे, नुसता डेमो भारी असून चालत नाही.

डेमोवरून आठवलं. कोर्सच्या शेवटी दीड मिनिटाचा डेमो करून देतात, त्यात जाहिरात, निवेदन, एक पात्र. रेकॉर्डिंग झकास झालं, एडिट करून हातात यायला मात्र इतके फोन करावे लागले की शेवटी रिसेप्शनची मुलगी माझा आवाज ऐकूनच "हो ताई, आजच पाठवते" म्हणायला लागली. आल्यावर पाहिलं तर मागं एवढं मोठं म्युझिक टाकलं होतं की मीच मला शोधून राहिले. बिनम्युझिकची मागून घ्या, देतात.

बाकी जागा ठीक आहे. जिना अरुंद, लिफ्ट नाही, काकांना त्रास व्हायचा. गाडी लावायला जागा नाही म्हणजे नाहीच, मेट्रोनं शंकरनगर चौकात उतरून चालत गेलेलं बरं. एसी फक्त रेकॉर्डिंगच्या खोलीत अन् तोही रेकॉर्डिंग चालू झालं की बंद, त्याला इलाज नाही.

फी भरायच्या आधी एक विचारा. पूर्ण कोर्स न घेता फक्त आवाजाचं घेता येते का, असं माझ्या मैत्रिणीनं नवीन बॅचसाठी विचारलं तर साडेआठ हजारात देतो म्हणाले, डेमो धरून. बोर्डावर हे कुठंच लिहिलेलं नाही, अन् फोनवर आधी नाहीच म्हणतात, तिथं जाऊन बसावं लागते.