सदाफुलीच्या पावडरीचे ₹22,400

"माझ्या वडिलांचे पाय पण असेच बधिर व्हायचे, आता जिने चढतात" असं बोलत कोणी ओळख काढली की पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. माझ्या आईला डायबिटीस आहे. तिला असाच एक सदाफुलीची पावडर विकणारा ठाण्यात तलावपाळीवर भेटला, तिने फोन केला आणि मी ऑफिस सोडून त्यांच्या 'केंद्रा'त पोचले.

भाव विचारला तर म्हणे दोनशे ऐंशी. कशाचे दोनशे ऐंशी, हे तिथेच विचारायला हवं होतं! पण तोवर पोऱ्याने पानं-मुळं खलबत्त्यात कुटायला घेतली होती, आणि समोर आई, तिची तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) 9.1, अशा वेळी कोण हिशोब करत बसतं? कुटून झाल्यावर कळलं, भाव तोळ्याला. 75 तोळ्यांचे ₹21,000, वर कुटणावळ ₹1,400. परत घ्या म्हटलं तर "ताई, कुटलेला माल आम्ही कोणाला देणार?" त्यामुळे कुटायच्या आधी भाव किलोत लिहून घ्या.

हातात इंग्रजी 'रिसर्च'ची प्रिंट कोंबली, कॅन्सरच्या ओळींवर पिवळा मार्कर. घरी नीट वाचली तर डोकंच फिरलं. सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन, व्हिन्ब्लास्टीन ही औषधं निघतात हे खरंच आहे, ल्युकेमिया, लिम्फोमा अशा कॅन्सरांत वापरतात, पण शेकडो किलो सुक्या पानांतून कसंबसं ग्रॅमभर शुद्ध औषध निघतं आणि ते शिरेतून देतात, चमच्याने पाण्यातून नाही. आणि मजा म्हणजे 1950 च्या दशकात कॅनडात नोबल आणि बीअर या संशोधकांनी हे झाड तपासायला घेतलं ते डायबिटीससाठीच! उंदरांची शुगर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घटल्या, त्यातून कॅन्सरचं औषध सापडलं. नंतर प्राण्यांवर शुगरचे बरे रिझल्ट आलेही, पण माणसांवर ठोस काही नाही. वर हा बाबा आईला मेटफॉर्मिन, म्हणजे तिची शुगरची गोळी, बंद करायला सांगतोय. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका, प्लीज.

चौकीत म्हणाले, पैसे तुम्हीच दिलेत, यात फसवणूक कुठे? पावतीवर नुसतं 'जिन्नस'. डायबिटीस बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे असं सांगितलं तर साहेब मोबाईलमधून वर पण बघेनात. औषधांच्या ऑफिसात म्हणे पाकिटावर लायसन्स नंबर नाही तर कारवाई कोणावर करणार. अहो, नंबर नाही हीच तर तक्रार आहे! बँकेचं एकच पालुपद, पिन तुम्हीच टाकलात. यूपीआय गेलं ते भलत्याच माणसाच्या नावावर, स्क्रीनवर दिसतं ते नाव आधी वाचा. लेखी अर्ज दिलाय, पोचसुद्धा मिळालेली नाही. अजून कोणी तिथे पैसे घातले असतील तर कळवा, एकत्र अर्ज करू.