पोलादी तीर की भुलीचा डार्ट?

आमच्या ब्रह्मपुरीकडे वाघ वावराजवळ ठाण मांडून बसला की वनखात्याची गाडी येते आणि पोरं ओरडतात, "बंदूक आली!" पण ही बंदूक झोपवणारी. दाबलेल्या वायूच्या जोरावर ती औषध भरलेली, मागे शेपटी असलेली सिरिंज, म्हणजेच डार्ट, फेकते. न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डॉक यांनी १९५० च्या दशकात ती विकसित केली.

जीव घेणारे तीर फेकणाऱ्या रायफलींचा हट्ट अमेरिकी सैन्याने १९६० च्या दशकात धरला. खिळ्यासारखा बारीक पोलादी तीर, म्हणजे फ्लेशेट, प्लास्टिकच्या कवचात बसवायचा. नळीबाहेर पडताच कवच गळून पडतं. वेग प्रचंड, खांद्याला बसणारा धक्का कमी. पण नेम हवा तसा साधेना, काडतूसही महाग पडे. १९९० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या स्टायर कंपनीची तशीच रायफल चाचणीत उतरली, तीही स्वीकारली गेली नाही. पाण्याखाली मात्र असा तीर खरंच कामाचा: सोव्हिएत एपीएस रायफल १२ सेंटिमीटरचे पोलादी तीर मारते, कारण लांब तीर पाण्यात दिशा धरून राहतो.

विज्ञानकथांतल्या तीरबंदुका अचूक असतात, ते एकवेळ चालेल. सिनेमातला डार्ट मात्र मला घातक वाटतो. तिथे जनावर क्षणात कोसळतं. खरं तर भूल चढायला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात बिथरलेला वाघ धानात कुठेही शिरू शकतो. म्हणून डार्ट लागल्याबरोबर मोबाइल घेऊन धुऱ्यावर धावू नका, बाप्पा.