बीजिंगचे स्वर्गमंदिर : दक्षिण दाराने आत शिरावे

बीजिंगला जाणारे पर्यटक निषिद्ध नगरीसाठी अख्खा दिवस राखून ठेवतात आणि स्वर्गमंदिर उरलेल्या दोन तासांत उरकतात. चिनी राजवास्तूमागचा विचार ज्याला समजून घ्यायचा आहे, त्याने नेमके उलटे करावे, असे दोन भेटींनंतर माझे मत झाले आहे. निषिद्ध नगरीत सम्राट दक्षिणेकडे तोंड करून बसे आणि दरबार त्याच्यापुढे झुके. इथे मात्र हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी तोच सम्राट उत्तरेकडे तोंड करून आकाशापुढे गुडघे टेकत असे.

भुयारी रेल्वेचे स्थानक पूर्व दाराशी असल्यामुळे पहिल्या खेपेस मी तिथूनच आत गेलो. त्या वाटेने प्रार्थनामंडप आधी दिसतो आणि वर्तुळाकार वेदी अगदी शेवटी, पाय थकल्यावर येते. सोबतच्या वाटाड्याने ‘नऊ हा शुभ आकडा’ एवढे सांगून वेदीचा विषय संपवला, याचे मला आजही वाईट वाटते, कारण सगळे मर्म तिथेच आहे. दुसऱ्या खेपेस दक्षिण दाराने एकटाच गेलो आणि तासभर त्या वेदीवरच रमलो.

१५३० मध्ये जिआजिंग सम्राटाने बांधलेली आणि १७४९ मध्ये चिएनलुंगने वाढवलेली ही वेदी तीन टप्प्यांची आहे. तिला छप्पर नाही, कारण आकाशाची पूजा आकाशाखालीच व्हायची. बाहेरची भिंत चौकोनी, आतली गोल. आकाश वर्तुळाकार आणि पृथ्वी चौकोनी, ही जुनी चिनी धारणा इथे जमिनीवर आखलेली दिसते. विषम संख्या आकाशाच्या, आणि एकअंकी विषम संख्यांत नऊ सर्वांत मोठी, म्हणून प्रत्येक टप्प्याला नऊ पायऱ्या आहेत. सर्वांत वरच्या टप्प्यावर मध्यभागी एक गोल दगड आहे. त्याभोवती पहिल्या वलयात ९ फरश्या, दुसऱ्यात १८, तिसऱ्यात २७, असे करत नवव्या वलयात ८१. पहिली चार वलये मी वाकून, एकेका सांध्यावर बोट ठेवून मोजली. आतल्या फरश्या पंख्यासारख्या निमुळत्या आहेत, बाहेर जावे तशा त्या आयताकडे झुकतात. मात्र वलयाच्या परिघाबरोबर फरश्यांची संख्याही वाढत असल्यामुळे त्यांची रुंदी फारशी बदलत नाही. हाच क्रम खालच्या दोन टप्प्यांवर चालू राहतो आणि सत्ताविसाव्या वलयात २४३ फरश्या भरतात. मधल्या दगडावर उभे राहून बोलले की कठड्यांवरून परतणारा आपलाच आवाज भारदस्त होऊन कानी येतो. गर्दीत हा अनुभव मिळत नाही, म्हणून सकाळी दार उघडताच पोहोचावे.

वेदीकडून उत्तरेला मंडपाकडे जाणारा सुमारे ३६० मीटरचा उंच दगडी मार्ग नकळत चढत जातो. परिसराच्या तटाचे दक्षिणेकडचे कोपरे काटकोनी आणि उत्तरेकडचे गोलाईचे आहेत, त्यामुळे ही चाल पृथ्वीकडून आकाशाकडे जाण्याचीच आहे. पूर्व दाराने शिरणाऱ्याला हे कळतच नाही.

सुमारे ३८ मीटर उंचीचा, निळ्या कौलांच्या तीन छपरांचा प्रार्थनामंडप १८८९ मध्ये वीज पडून जळाला आणि जुन्याच धर्तीवर पुन्हा उभारला गेला. आतले चार मोठे खांब ऋतूंचे, मधले बारा महिन्यांचे आणि बाहेरचे बारा दिवसरात्रीच्या बारा चिनी प्रहरांचे (एकेक दोन तासांचा). पिकासाठी प्रार्थना करण्याच्या जागी वर्षाचे कालचक्रच उभे करावे, ही कल्पना मला फार थोर वाटते. माझी एकच तक्रार आहे : आत प्रवेश नाही. उंबऱ्यापाशी रेटारेटीत उभे राहून पाहावे लागते आणि बाहेरच्या रांगेतले काही खांब दिसतच नाहीत. खांबांची मांडणी दाखवणारा नकाशा सोबत असल्यास ही उणीव बरीच भरून निघते.

नुसत्या बागेचे तिकीट स्वस्त पडते, पण त्यावर वेदी आणि मंडप पाहता येत नाहीत. दारावरच एकत्रित तिकीट घ्यावे आणि हाताशी किमान चार तास ठेवावेत.