फोटो पुढून काढला होता

बोटीचा ट्रेलर घेताना मी टायर बघितले, दिवे लावून बघितले, विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून घेणाऱ्या रिळाचा) पट्टा दोनदा ओढून बघितला. ज्या दोन फळ्यांवर बोट वर्षातले तीनशेहून जास्त दिवस बसून राहणार होती, त्यांच्याकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नाही. फसवणाऱ्याने फसवलं हे खरंच, पण दार मीच उघडं ठेवलं होतं.

बोट सतरा फुटी, फायबरची, मागे नव्वद हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन. जुना ट्रेलर गंजून खलास झाला होता. 'तुमच्या बोटीच्या मापाने आधार बसवून देतो' अशी जाहिरात करणाऱ्या एकाशी फोनवर बोललो. माणूस गोडबोल्या. लांबी विचारली, रुंदी विचारली, मॉडेल विचारलं. तळाचं माप घेणार ना, असं मी म्हटलं तर म्हणाला, "अहो, असल्या कितीतरी बोटी बसवल्यात मी. डोळे मिटून सेट करतो." त्याने शब्द पाळला, डोळे मिटूनच केलं. मापाने आधार बसवण्याचे पैसे त्याने ट्रेलरच्या किमतीवर वेगळे लावले, आणि पावतीवर लिहिलं फक्त 'ट्रेलर, १ नग'. हे माझ्या लक्षात आलं, पण तेव्हा ते खुपलं नाही.

बोट त्याच्याकडे सोडली. दोन दिवसांनी फोटो आला. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, थेट कॅमेऱ्यावर रोखलेली, विंच घट्ट, कार्पेट नवंकोरं, सांगाडा चांदीसारखा. बघूनच खूश झालो आणि उरलेले पैसे त्याच संध्याकाळी पाठवून दिले.

घरी आणताना गाडीने साठचा वेग ओलांडला की ट्रेलर शेपटी हलवायला लागायचा. वेग कमी केला की थांबायचा. मी वाऱ्याला दोष दिला, बोट आवारात लावली, कव्हर घातलं, आणि आठ महिने तिच्याकडे फिरकलो नाही. इंधनाची टाकी ऐंशी लिटरची, काठोकाठ भरलेली. कव्हर एका कोपऱ्यात फाटलेलं, तिथून पाणी आत गेलं आणि मागच्या बाजूला साचलं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ते वजन माझ्या आळसाचं, त्याचा दोष मी त्या माणसावर घालणार नाही.

बोट पाण्यात घातली तर ओळखू येईना. आधी थ्रॉटल दिला की ती उचल खाऊन पाण्यावर सपाट धावायची. आता नाक खाली खुपसून पाणी नांगरत चालली होती. इंजिन वर-खाली ट्रिम करून पाहिलं, फॅन (प्रॉपेलर) बदलून पाहिला, इंजिनच्या मेकॅनिकलाही दाखवलं. इंजिन ठणठणीत.

शेवटी बोटी दुरुस्त करण्यात हयात गेलेल्या एका काकांना बोलावलं. त्यांनी इंजिनला हातही लावला नाही. म्हणाले, "ही बसते कुठे, ते आधी दाखव."

ट्रेलरच्या मागे जाऊन ते उकिडवे बसले आणि मलाही बसवलं. कार्पेट गुंडाळलेल्या त्या दोन फळ्या, म्हणजे बंक, ट्रान्समच्या, म्हणजे इंजिन जिच्यावर बसतं त्या बोटीच्या मागच्या उभ्या पाटीच्या, अलीकडेच संपत होत्या. टेप लावला, सोळा इंच. म्हणजे बोटीचं मागचं सोळा इंच बूड आठ महिने अधांतरी होतं, आणि नेमकं तिथेच दीडशे किलोच्या वरचं इंजिन लटकलेलं. मग काकांनी सहा फुटी सरळ पट्टी कीलच्या (तळाच्या मधल्या कण्याच्या) बाजूने तळाला लावली आणि पलीकडून टॉर्च मारायला सांगितलं. पुढच्या बाजूला पट्टी तळाला चिकटलेली. ट्रान्समच्या काठाशीही चिकटलेली. मधे, बंक जिथे संपत होता बरोबर तिथे, पट्टीखालून उजेडाची फट. दोन नाणी एकावर एक ठेवून त्या फटीत सहज सरकली.

याला हुक म्हणतात. बंकचं टोक तळाला खालून दाबत राहतं, मागचा भाग इंजिनच्या वजनाने खाली झुकतो, आणि फायबर तो बाक धरून ठेवतं. मग वेगात असताना तो खाली आलेला काठ पाण्यावर दाबतो, मागची बाजू उचलली जाते आणि नाळ खाली जाते. बाक उलटा, बाहेर फुगलेला असता, तर बोट डॉल्फिनसारखी उड्या मारत गेली असती. काकांनी नाण्यानेच तळ ठोकून पाहिला. सगळीकडे टणटण, फक्त बंकच्या उजव्या टोकापाशी तळहाताएवढ्या भागात मठ्ठ आवाज. तिथे जेलकोटवर, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थरावर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषाही होत्या.

उजवीकडेच का, तेही निघालं. बोटीच्या तळाला लांबीने उंचवट्याच्या धारा असतात. बंक त्या धारांच्या मधल्या सपाट जागेत, शक्यतो आतल्या स्ट्रिंगरच्या (तळाला ताठ ठेवणाऱ्या लांब पट्टीच्या) खाली यायला हवा. उजवा बंक धारेवरच चढवला होता. काकांनी खिशातलं एक व्हिजिटिंग कार्ड फळी आणि तळाच्या मधे सरकवलं. ते वीतभर कुठेही न अडता गेलं. जिथे टेकायचं तिथे टेकतच नव्हतं, सगळा भार एका धारेवर.

आता राग आला होता म्हणून कार्पेटच उचकटलं. आत जुन्या फळ्या. एक तर दोन तुकडे जोडून केलेली, आणि तिच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर टोचला तर केकमध्ये सुरी जावी तसा गेला. जुन्या बोल्टांची रिकामी भोकं दुसऱ्याच कुठल्या तरी अंतरावर. हा ट्रेलर एखाद्या लहान बोटीसाठी बनलेला होता; माझी बोट त्यावर नुसती चढवली होती. विंचचा खांब वेल्ड केलेला, त्यामुळे बोट पुढे सरकायला जागाच नव्हती, म्हणून ती मागे लोंबली. आणि सांगाड्याची ती चांदी? नखाने खरवडली तर सुटली. गरम जस्तात बुडवलेलं लोखंड असं सुटत नाही. तो स्प्रे होता.

रस्त्यावरच्या शेपटीचं कोडंही तिथेच सुटलं. ट्रेलर सपाट जागी उभा करून त्याचं पुढचं टोक गाडीच्या हुकाच्या उंचीवर बाथरूमच्या वजनकाट्यावर टेकवलं. काटा एकतीस किलोवर थांबला. बोटीसकट एकूण वजन बाराशे किलोच्या आसपास. पुढच्या टोकावर त्याच्या सात ते दहा टक्के तरी यायला हवेत, म्हणजे चौऱ्याऐंशी ते एकशेवीस. (तुमची गाडी आणि तिचा हुक एवढं सोसतात का, ते त्यांच्या पाटीवर बघून घ्या.) टोक हलकं पडलं की ट्रेलर झुलतो. मी वाऱ्याला उगाच बोल लावला होता.

त्या माणसाला फोटो पाठवले. आधी उत्तर आलं की बोट मुळातच वाकडी असणार. मग, तुम्ही ती नीट लावली नसेल. पावतीचं विचारलं तर म्हणाला, "सेटिंगचं कुठे लिहिलंय त्यावर?" लिहिलं नव्हतंच. आगाऊ रकमेच्या वेळी त्याने पाठवलेल्या मेसेजमध्ये 'सेटिंगसकट' असा एक शब्द होता, त्याच्या जोरावर सेटिंगचे पैसे तेवढे परत मिळाले. ट्रेलरचे गेले ते गेलेच.

दुरुस्ती काकांच्या देखरेखीखाली केली. नव्या फळ्या थेट ट्रान्समच्या काठापर्यंत नेल्या आणि टोकाखाली एक आडवा बार वाढवला. फळ्या आडव्या न टाकता उभ्या लावल्या. दीड बाय साडेतीन इंचाची फळी उभी केली की पाचपटीहून जास्त ताठ होते. बोल्टांची डोकी लाकडात खोल बुडवली, कार्पेटच्या पिना खालच्या अंगाने मारल्या, म्हणजे तळाला काही ओरखडणार नाही. बोट ॲल्युमिनियमची असती तर तांब्याचं औषध मुरवलेलं लाकूड काकांनी आणूच दिलं नसतं, त्याने पत्र्याला खड्डे पडतात. विंचचा खांब कापून असा लावला की पट्टा नाळेवरच्या कडीला रबरी रोलरच्या खालून ओढेल. ॲक्सल यू-बोल्टवर होता, तो थोडा थोडा मागे घेत काटा पंच्याण्णववर आणला. मागून ट्रान्समला दोन पट्टे, कारण एकटी विंच बोट धरून ठेवत नाही.

बोटीच्या तळातला हुक मात्र तसाच आहे. तो काढायचा तर बोट उलटी करून तळ इपॉक्सीने भरायचा आणि घासून सरळ करायचा. त्याचा खर्च ऐकून सध्या नाक खाली घालूनच फिरतोय.

गेल्या महिन्यात ओळखीतला एकजण त्याच माणसाकडून ट्रेलर घ्यायला निघाला होता. विकणाऱ्याने पाठवलेला फोटो त्याने मला दाखवला. नाळ कॅमेऱ्यावर रोखलेली, कार्पेट नवंकोरं. मी म्हटलं, मागून काढलेला एक मागव, ट्रान्सम आणि फळ्यांची टोकं दिसतील असा. तासाभराने उत्तर आलं: "मागे भिंत आहे, फोटो निघत नाही."